अंगात चरबीच नाही, मग मागचा भाग भरायचा कशानं?

तुराटी (लातूर)

नाव बघून हसू नका. शाळेपासून हेच चिकटलंय. औशाजवळचं गाव, चहूकडं तुरीचं रान, आणि मी बांधावर उभी राहिले की तूर कुठली अन् पोरगी कुठली ते कळत नाही, असं आमचे मामा म्हणायचे. मामा गेले, नाव राहिलं.

वय ३२. उंची १६२ सेंमी, वजन ४४ किलो. लातुरात एका पतसंस्थेत कॅशला बसते, दहा ते सहा. जाऊन-येऊन औसा–लातूर एसटी.

आता शब्दाचीच पंचाईत. ढुंगण लिहिलं तर पोस्ट उडेल, नितंब लिहिलं की संस्कृतच्या तासाला बसल्यासारखं वाटतं. बट लिहिते, समजून घ्या. तर तो मला नाही. म्हणजे जागा आहे, माल नाही. परकराची नाडी इतकी आवळते की कमरेला वळ उठतो, तरी दुपारपर्यंत निऱ्या खाली आलेल्या असतात. जीन्सच्या पट्ट्याला मी स्वतः खिळा-हातोडी घेऊन तीन भोकं पाडलीत. आमची जाऊ हळदीकुंकवाला सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "हिच्याकडं दोन्हीकडून पाटाच, वरवंटा कुठं ठेवला?" सगळ्या हसल्या, मी पण हसले. घरी येऊन रडले.

दुसरं म्हणजे बसलं की हाडं टोचायलेत. कॅशच्या खुर्चीत चार वाजेपर्यंत मी एकदा डाव्या अंगावर, एकदा उजव्या अंगावर. मॅनेजरला वाटतं मला मूळव्याध आहे.

दोन ठिकाणी जाऊन आले. पुण्यात एका सर्जननं पोट, कंबर, मांड्या चिमटीत धरून बघितल्या, बाजारात कोंबडी धरून बघतात तसं, आणि म्हणाले, "चरबी काढून भरायची म्हटली तर तुमच्यात काढायलाच काही नाही. एक तर आठ-दहा किलो वाढवून या, नाही तर इम्प्लांट." इम्प्लांटचे साडेतीन लाख सांगितले. दुसरं ठिकाण संभाजीनगरात, ब्यूटी क्लिनिक म्हणतात त्याला. तिथं ६० हजारांत, एका तासात, इंजेक्शननं करून देतो म्हणाले. औषधाचं नाव विचारलं तर "इम्पोर्टेड फिलर आहे मॅडम." भिंतीवर डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधलं, तर फक्त लक्ष्मीचा फोटो आणि एसीचा रिमोट.

साठ हजार माझ्याकडं आहेत. म्हणून तर विचारायलेय. खरं माहीत असणाऱ्यांनीच लिहा, "मनाचं सौंदर्य" वगैरे सांगणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

बीडचा_बापू

ताई रागावू नका पण रोज रात्री खारीक दुधात उकळून खा, वर दोन चमचे गावरान तूप. आमच्या मंडळींना चार महिन्यांत फरक पडला.

तुराटी

बापू, खारीक दोन वर्षं खाल्ली. खारकेचं दुकान भरलं, मी नाही.

ओटीतली_सिस्टर (अंबाजोगाई)

तुराटीबाई, आधी एक गोष्ट. ते साठ हजार आजच्या आज पोस्टात टाका नाही तर सोन्याचं काहीतरी करा, पण त्या क्लिनिकात नेऊ नका. बाकीचं सावकाश सांगते.

मी डॉक्टर नाही. नर्सिंग केलं आणि अकरा वर्षं पुण्यात प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होते. आता आईच्या आजारपणामुळं गावी. जे टेबलाशेजारी उभी राहून बघितलं तेवढंच सांगते.

चरबी काढून भरायची ती पद्धत म्हणजे बीबीएल, ब्राझिलियन बट लिफ्ट. लोकांना वाटतं, इकडून उपसायचं, तिकडं ओतायचं. तसं नाही. काढायच्या जागेत आधी सलाईन आणि ॲड्रेनालिन सोडतात, मग नळीनं ओढतात. बाटलीत येतं ते सगळं चरबी नसतं. बाटली थोडा वेळ उभी ठेवली की वर पिवळी चरबी राहते आणि खाली लालसर पाणी बसतं, दूध नासल्यावर चोथा आणि पाणी वेगळं होतं ना, तसं. टोचायची ती फक्त पिवळी. डोळ्याला दिसेल असा फरक पडायला एकेका बाजूला तीनशे-चारशे मिली तरी लागते, पुष्कळ जणींना त्याहून जास्त. आणि भरलेली सगळी टिकत नाही. तिसरा हिस्सा ते निम्मी शरीर जिरवून टाकतं. आता ४४ किलोच्या बाईतून दीड-दोन लिटर ओढायचं म्हणजे कुठून? मोकळ्या आडात पोहरा सोडण्यासारखं. पाठ, दंड, मांडीची आतली बाजू असं चार ठिकाणांहून थोडं थोडं गोळा करणारे सर्जन असतात, पण कातडीखाली अगदीच पातळ थर असला की तिथं खड्डे पडतात. मागं भरलं आणि मांडीला लाटा उठल्या, हे मी बघितलंय.

"आठ-दहा किलो वाढवून या" यात पण गोम आहे. वाढवून या, करून घ्या, आणि नंतर पुन्हा आपल्या मूळ वजनावर उतरलात तर भरलेली चरबी पण उतरते. ती शेवटी तुमचीच चरबी, तुमच्याबरोबरच वाळणार. वाढलेलं वजन कायम ठेवता येणार असेल तरच त्यात राम.

आणि ती भीतीदायक गोष्ट. ढुंगणाच्या मोठ्या स्नायूच्या (मी लिहिणार बाई ढुंगण, उडवायचं तर उडवा) आत आणि खाली जाड शिरा असतात. नळी स्नायूत गेली आणि शिरेला इजा झाली की चरबी रक्तात ओढली जाते, थेट हृदयात आणि फुप्फुसात. माणूस टेबलावरच जातो. २०१८ मध्ये जगभरच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांनी मिळून इशारा दिला होता, की या शस्त्रक्रियेत मृत्यूचं प्रमाण तीन हजारांत एकापर्यंत असू शकतं. नटण्यासाठीच्या शस्त्रक्रियेत हे फार झालं. तेव्हापासून नियम असा की चरबी फक्त कातडीखालच्या थरात टोचायची, स्नायूत अजिबात नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मेडिकल बोर्डानं तर २०२२ मध्ये एका सर्जनला दिवसाला तीनच्या वर बीबीएल करायला बंदी घातली आणि टोचताना सोनोग्राफीवर नळीचं टोक बघत राहणं सक्तीचं केलं. आता तुमचं गणित बघा. कातडीखालचा तो थर तुमच्यात मुळातच पातळ, म्हणजे नळी आणि स्नायू यांच्यात अंतर कमी. चरबी कमी मिळते, हा अर्धाच प्रश्न. ती ठेवायला सुरक्षित जागा पण कमी, हा दुसरा अर्धा, आणि तो कुणी सांगत नाही.

इम्प्लांटबद्दल. हे स्तनातल्यासारखं लुसलुशीत नसतं, घट्ट रबरासारखं सिलिकॉन असतं, फुटून वाहत नाही. दोन कुल्ल्यांच्या मधल्या घडीत चीर देतात आणि बहुतेक वेळा मोठ्या स्नायूच्या आत कप्पा करून बसवतात. तुमच्यासारख्या सडपातळ बाईला स्नायूच्या वर, नुसत्या पडद्याखाली बसवलं तर कडा हाताला लागतात, कधी कधी दिसतात पण. म्हणून स्नायूच्या आत. चीर घामाच्या आणि शौचाच्या जागेजवळ, त्यामुळं टाके उसवण्याचं प्रमाण मोठं, दहात एकीच्या आसपास. पाणी साठणं, जंतू होणं, एक बाजू वर एक खाली होणं हे पण होतं. दोन-तीन आठवडे बसायचंच नाही, पालथं झोपायचं. पतसंस्थेत रजा किती शिल्लक आहे?

आता मुद्द्याचं. तुमचं हाड टोचणं इम्प्लांटनं जाणार नाही. इम्प्लांट मुद्दाम वर बसवतात, बसायच्या हाडांच्या वरच्या अंगाला, म्हणजे माणूस त्यावर बसणार नाही. मागून आकार येईल, जीन्स भरेल, निऱ्या पण कदाचित थांबतील. पण कॅशच्या खुर्चीत चार वाजता तुमची कुरकुर तशीच. पुण्याच्या डॉक्टरांना खुर्चीचं सांगितलं होतं का? नसेल तर त्यांची चूक नाही.

राहिली इंजेक्शनं. एक स्कल्प्ट्रा नावाचं येतं, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचं. ते स्वतः जागा भरत नाही. शरीराला कोलॅजन (कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन) तयार करायला लावतं, हळूहळू, काही महिन्यांत. मुळात चेहऱ्यासाठीचं औषध, मागच्या भागाला पुष्कळ ठिकाणी मंजुरीबाहेर वापरतात. कुपी एक-दोन नव्हे, दहा-वीस लागतात, दोन-तीन बैठका होतात, आणि साधारण दोन वर्षांत उतरतं. त्याचा हिशेब केलात तर ६० हजारांत ते बसूच शकत नाही. म्हणजे त्या क्लिनिकात काय भरायलेत?

बहुधा पातळ सिलिकॉन, नाही तर त्याचा कुणीतरी भाऊबंद. मी एक बाई बघितली. दुसऱ्या शहरात कुणाच्या तरी घरी टोचून घेतलेलं. पहिली पाच वर्षं छान. मग गाठी. हात लावला तर उन्हाळ्यात नांगरलेल्या रानातली ढेकळं. काळपट कातडी, मधूनमधून पू. आमच्या सरांनी दोनदा कापून काढलं आणि तरी सगळं निघालं नाही, कारण ते मांसात झिरपून मांडीपर्यंत खाली उतरलेलं. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) २०१७ मध्ये लोकांना जाहीर सांगितलं, की अंगाचा आकार वाढवायला सिलिकॉन टोचून घेऊ नका. शिरेत गेलं तर फुप्फुस, मेंदू, काहीही. बीबीएलचा आकार फसला तर चरबी जिरते, इम्प्लांट फसलं तर काढता येतं. हे पूर्ण काढता येत नाही.

शेवटचं. ४४ किलो आणि १६२ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) १६.८. १८.५ च्या खाली म्हणजे वजन कमीच. नेहमीच अशी होतात की मधे उतरलात? थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे, पोटातले जंत, एवढं तरी बघून घ्या. हिमोग्लोबिन कमी असलं तर भूलवाला हौसेच्या ऑपरेशनला टेबलावर घेणारच नाही, आणि घेतलं तर त्या भूलवाल्याकडं जाऊ नका.

लोखंड_नांदेड

सिस्टरनी सगळं सांगितलं पण फुकटातला पर्याय राहिला. ताई, चरबी नाही तर स्नायू वाढवा. ग्लुटियस मॅक्सिमस, म्हणजे सिस्टर म्हणतात तो मागचा मोठा स्नायू, हा अंगातला सगळ्यात मोठा. आणि नवख्या माणसाचा तर लवकर वाढतो.

वजिराबादेत जिम आहे माझी (जाहिरात नाही, तुम्ही लातूरच्या). लेडीज येतात आणि सगळ्या ट्रेडमिलवर चालत बसतात. चालून आहे तेवढं पण जाईल. हिप थ्रस्ट (पाठ टेकवून कंबर वर उचलायची), स्क्वॉट, डेडलिफ्ट, लंजेस. आठवड्यात दोन-तीनदा, आणि दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवत. रिकामा बार २० किलोचा असतो, तिथून सुरू. जिम नको असेल तर घरी दिवाणाला पाठ टेकून, मांडीवर दहा किलोची पिशवी ठेवून हिप थ्रस्ट करा. बाजेला टेकू नका, सरकते, आमच्या एका मेंबरचं डोकं फुटलं.

आणि खाणं. किलोला १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, ४४ ला ७० ग्रॅम. तुमचं जेवण भाकरी, पिठलं, ठेचा, बरोबर? त्यात तीस-पस्तीस होत असेल. आपण लातूर-नांदेडवाले अख्ख्या देशाला सोयाबीन विकतो आणि घरात एक दाणा शिजवत नाही. सोयाच्या वड्या ५० ग्रॅम घेतल्या की २५ ग्रॅम प्रोटीन झालं. दोन अंडी १२. मूठभर शेंगदाणे ७-८. आणि पोट भरल्यावर अजून अर्धी भाकरी. स्नायू काही हवेतून येत नाही, जास्तीचं खावंच लागतं. तीन महिने आरशात काही दिसणार नाही, सहा महिन्यांत पट्ट्याचं एक भोक कमी होईल, वर्षभरात जाऊबाई गप्प.

ओटीतली_सिस्टर (अंबाजोगाई)

दादा बरोबर बोलले, एवढी दुरुस्ती करते. बसल्यावर तो मोठा स्नायू हाडावरून बाजूला सरकतो. हाडाखाली उरते कातडी आणि थोडी चरबी. म्हणून स्नायूनं आकार येईल, टोचणं मात्र एकूण वजन वाढल्यावरच कमी होईल. तोवर खुर्चीत जाड फोमची गादी टाका. ते गोल भोकाचं मूळव्याधीवालं घेऊ नका, मॅनेजरची खात्रीच पटेल.

मधली_सून (संभाजीनगर)

मी इम्प्लांट केलंय. २०१९, मुंबईत. पन्नास किलो होते. नाव-गाव विचारू नका, सासरी आजही मणक्याचं ऑपरेशन झालं असंच माहीत आहे. सासूबाई अजून नातेवाइकांना सांगतात, "हिचा मणका लोखंडाचा आहे."

तीन आठवडे पालथी झोपले. जेवण उभ्यानं, फ्रीजवर ताट ठेवून. अठराव्या दिवशी खालचे दोन टाके सुटले, परत जाऊन ड्रेसिंग, अजून बारा दिवस. मुंबईहून परत येताना रेल्वेचा वरचा बर्थ घेतला आणि सगळी रात्र पालथी पडून आले. पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं, खाली दोन वाट्या पालथ्या घातल्यात. ते वाटणं सहा-सात महिन्यांनी गेलं.

पस्तावले का? नाही. ड्रेस शिवायला टाकला की टेलर आता "मागून किती सोडू" विचारत नाही. पण सिस्टर म्हणतात ते खरं, लाकडी बाकावर बसलं की हाड अजूनही लागतं. मला आधी वाटायचं माझंच काहीतरी चुकलं.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. नंतर आयुष्यात तिथं सुई घ्यायची नाही. मागच्या पावसाळ्यात माहेरी ताप आला, गावातल्या डॉक्टरनी सवयीप्रमाणं "व्हा पालथ्या" म्हणून सुई भरली. मी अशी ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. दंडात घेतली. घरात एकाला तरी खरं माहीत पाहिजे, बेशुद्ध पडलात तर सांगणार कोण? माझ्या नवऱ्याला माहीत आहे.

बीडचा_बापू

फ्रीजवर ताट. काय हिंमत आहे बाई.

तुराटी

सगळ्यांना एकत्र लिहिते, उशीर झाला.

तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ८.६. थायरॉइड, साखर, एक्स-रे नॉर्मल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं पाळीला किती दिवस जातात, म्हटलं आठ. म्हणाल्या, "अहो आठ दिवस, आणि कुणाला सांगितलं नाही?" कुणाला सांगणार? आमच्याकडं सगळ्यांचेच आठ जातात असं वाटायचं मला. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, सोनोग्राफी सांगितलीय. म्हणजे सध्या कुठलंच ऑपरेशन नाही, सिस्टरच्या त्या भूलवाल्यानं माझं परस्पर ठरवून टाकलं.

संभाजीनगरवाल्यांचा फोन आला होता, ५० मध्ये करतो म्हणाले. मी औषधाचं नाव आणि बॅच नंबर व्हॉट्सॲपवर मागितला. ब्लॉक केलं मला.

सोयाच्या वड्या आणल्या. लोखंडदादा, या खायच्या की ओल्या स्पंजसारख्या चावत बसायच्या? येसर घालून रस्सा केला तेव्हा कुठं घशाखाली उतरल्या. दिवाणाला टेकून थ्रस्ट चालू आहेत, मांडीवर पाच किलो तूरडाळीची पिशवी. पोरगा विचारतो, आई डाळीला झोका का देतेस.

इम्प्लांटचा विचार सोडला नाही, हे पण लिहिते. पन्नासला पोचले आणि हिमोग्लोबिन बाराला आलं की परत पुण्याला जाईन, या वेळी खुर्चीचं पण विचारेन. मधल्या सूनबाई, तुमच्याशी फोनवर बोलता आलं तर बरं, फक्त त्या टाक्यांबद्दल.

तातडीचा प्रश्न वेगळाच आहे. १४ मे ला चुलत बहिणीचं लग्न, औशात, मंगल कार्यालयाला पत्र्याचं छप्पर. जाऊ असणारच. मी ऑनलाइन त्या पॅडवाल्या चड्ड्या मागवल्या, पार्सल पतसंस्थेच्या पत्त्यावर आलं आणि शिपायानं प्रेमानं उघडून ठेवलं. तो म्हणतो, "मॅडम, सायकलचं शिट आलंय." तर घालून बघितली. साडीखाली दिसते छान, खरं सांगते, आरशात दोनदा वळून बघितलं. पण स्पंज चांगला बोटभर जाडीचा आहे. मे महिन्यात, पत्र्याखाली, पाच तास. कुणी घातलीय का उन्हाळ्यात?

मधली_सून (संभाजीनगर)

घातलीय. आतून सुती चड्डी घाला, टाल्कम भरपूर, आणि पंगत पहिली धरा. दुसऱ्या पंगतीपर्यंत थांबलात तर स्पंज पिळावा लागेल. मेसेज करते तुम्हाला.